हिशेबात न धरलेली माणसं

२९ ऑक्टोबर २०१३. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या परिसरातल्या एका दालनात पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानचं एक कुटुंब साक्षीला बसलं होतं. प्राथमिक शाळेत शिकवणारे वडील, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. ड्रोनहल्ल्यात पोळलेल्या माणसांनी अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींसमोर स्वतः उभं राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. फ्लोरिडाचे प्रतिनिधी ॲलन ग्रेसन यांनी ही बैठक बोलावली होती. प्रतिनिधिगृहाचे सदस्य ४३५; ग्रेसन धरून आले पाच.

कुटुंबाची हकिगत अशी. २४ ऑक्टोबर २०१२, बकरी ईद तोंडावर आलेली. मीरानशाहजवळच्या घुंडी काला गावात या मुलांची आजी घराजवळच्या शेतात भेंडी तोडत होती. वय साठी ओलांडून सत्तरीकडे झुकलेलं. गावात सुईण म्हणून तिला मान. नातवंडं तिच्या आसपासच होती, वडील खरेदीसाठी शहरात गेले होते. आभाळात ड्रोन फिरत होते, पण ते तर रोजचंच, म्हणून कुणी मान वर करून पाहिलं नाही. पहिला मारा थेट म्हातारीवर झाला. मुलं आणि घरचे लोक तिच्याकडे धावले आणि काही मिनिटांतच दुसरा मारा झाला. मुलीचा हात जखमी झाला, मुलाच्या पायात धातूचे तुकडे घुसले. शस्त्रक्रियेचा खर्च ऐपतीबाहेरचा होता. पैसे उभे करण्यातच महिने गेले.

वडिलांनी त्या दालनात आणखी एक गोष्ट सांगितली. हल्ल्यानंतरच्या काही बातम्यांत गाडीवर मारा झाल्याचं म्हटलं होतं. त्यांच्या आईच्या घराजवळून रस्ताच जात नाही. काहींनी घरावर हल्ला झाल्याचं छापलं. क्षेपणास्त्रं पडली शेतात. तीन, चार, पाच अतिरेकी ठार, असे आकडे होते. प्रत्यक्षात मेली एकच व्यक्ती, त्यांची आई. तिला का मारलं हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं आणि तेच विचारायला ते इतक्या लांब आले होते. त्यांचं म्हणणं इंग्रजीत सांगताना दुभाष्यालाही रडू आवरलं नाही.

ड्रोनविषयी आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, पण ते बहुतेक यंत्राविषयी असतं. किती तास उडतं, किती उंचीवरून टिपतं, किंमत काय, कुणाकडे किती. ज्यांच्या डोक्यावर ते वर्षानुवर्षं उडतं त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे. क्षेपणास्त्राने माणूस मरतो तेव्हा एक घर उघडं पडतं. पण डोक्यावरची अखंड पाळत आणि कुणीच जबाबदारी न घेतलेली मरणं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की अख्खा समाज खिळखिळा होतो. बैठकीला बसणं, मयतीला जाणं, जखमीला उचलणं, पोराला शाळेत धाडणं, या माणसांच्या साध्या रीती मोडून पडतात. आणि हे नुकसान कुणाच्याही नावे मांडलं जात नाही.

कायद्याबाहेरचा मुलूख

वझिरिस्तान हा अफगाण सीमेला लागलेला डोंगराळ पश्तून मुलूख. १९०१ साली ब्रिटिशांनी सरहद्दीवरच्या टोळ्यांसाठी ‘फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन’ हा कायदा केला. एकाने गुन्हा केला तर शिक्षा सगळ्या जमातीला. सरकारने नेमलेल्या ‘पोलिटिकल एजंट’चा शब्द अखेरचा, नेहमीच्या न्यायालयांचे दरवाजे बंद. ब्रिटिश गेले, पाकिस्तान झाला, तरी २०१८ मध्ये हा भाग खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन होईपर्यंत हाच कायदा चालू राहिला. २००१ नंतर अफगाणिस्तानातून निसटलेले तालिबान आणि अल कायदाचे लोक याच डोंगरांत येऊन राहिले. त्यांना थारा द्यायचा की नाही, हे इथल्या शेतकऱ्याला आणि दुकानदाराला कुणी विचारलं नव्हतं.

जून २००४ मध्ये दक्षिण वझिरिस्तानात नेक मोहम्मद या तालिबानी म्होरक्याला सीआयएच्या ड्रोनने मारलं. पाकिस्तानी लष्कराने ही आपलीच कामगिरी असल्याचं सांगितलं. पुढची चौदा वर्षं हल्ले चालू राहिले. लंडनच्या ‘ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम’ या पत्रकारांच्या संस्थेने बातम्या, न्यायालयीन कागद आणि साक्षी ताडून जी नोंद ठेवली तीनुसार २००४ ते २०१८ या काळात पाकिस्तानात ४३० अमेरिकी ड्रोनहल्ले झाले. त्यांत २,५१५ ते ४,०२६ माणसं मेली. त्यांपैकी ४२४ ते ९६९ सामान्य नागरिक, आणि मुलं १७२ ते २०७. २०१० हे सर्वांत वाईट वर्ष. सरासरी तीन दिवसांना एक हल्ला होत होता.

पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी यात दुहेरी भूमिका घेतली. विकिलीक्सने २०१० साली उघड केलेल्या एका अमेरिकी तारेत तत्कालीन पंतप्रधान युसुफ रझा गिलानी यांचं खासगी आश्वासन नोंदलेलं आहे: नेमकी माणसं टिपत असाल तर हल्ल्यांना आमची हरकत नाही, आम्ही संसदेत निषेध करू आणि मग सोडून देऊ. आपण काही हल्ल्यांना परवानगी दिली होती, हे परवेझ मुशर्रफ यांनीही २०१३ मध्ये एका मुलाखतीत मान्य केलं. बलुचिस्तानातला शम्सी विमानतळ २०११ अखेरपर्यंत अमेरिकेच्या वापरात होता. अशा स्थितीत वझिरिस्तानच्या माणसाने दाद मागायची कुणाकडे? मारणारा हल्ला मान्य करत नव्हता आणि ज्याने राखायचं तो आतून सामील होता.

मारायचं कुणाला, याचा निकषही ढिला होता. नाव-गाव माहीत असलेल्या म्होरक्यांवर हल्ले होत, तसेच नाव माहीत नसलेल्यांवरही होत. चार-पाच पुरुष एका गाडीतून निघाले, हत्यारं बाळगून आहेत, एका संशयित घरात सारखे येतात-जातात, एवढ्या हालचालींवरून लक्ष्य ठरे. ज्या मुलखात घरटी बंदूक असते आणि लग्नालाही माणसं हत्यार घेऊन जातात, तिथे हा निकष किती धोक्याचा! मे २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केलं, की हल्ल्याच्या जागी सापडलेला लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष सरकारी हिशेबात लढवय्याच धरला जातो. तो निरपराध असल्याचा पुरावा मागाहून मिळाला तरच नोंद बदलायची. म्हणजे माणूस आधी मरणार आणि मग त्याने आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं.

डोक्यावरची घरघर

प्रिडेटर हे या युद्धातलं सुरुवातीचं ड्रोन. पुढे त्याचंच मोठं भावंड रीपर आलं. दोन्हींना मागच्या बाजूला पंखा असतो आणि दोन्ही एका दमात दिवसभर आकाशात राहू शकतात. चालवणारे हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या नेवाडासारख्या राज्यात, पडद्यासमोर. कामाची पाळी संपली की ते आपल्या घरी जातात. खाली मात्र आवाज चालूच. लांबच्या शेतात रात्रभर पाण्याचं इंजिन चालू असावं तशी संथ, न थांबणारी घरघर. वझिरिस्तानात या यंत्राला ‘बंगाना’ म्हणतात, म्हणजे गांधीलमाशी. क्षेपणास्त्र आवाजाहून वेगाने येतं, त्यामुळे ज्याच्यावर ते पडतं त्याला बहुधा काही ऐकूच येत नाही. घरघर ऐकत जगतात ते बाकीचे सगळे.

स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांच्या विधी शाखांनी सप्टेंबर २०१२ मध्ये या मुलखातल्या जगण्यावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी १३० हून अधिक जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. लोकांनी सांगितलेल्या तक्रारी एकसारख्या आहेत. झोप लागत नाही, लागली तरी दचकून उठायला होतं. दार जोरात आपटलं की मुलं किंचाळतात. जेवण जात नाही, रागाचा भडका उडतो, झोपेच्या गोळ्यांशिवाय रात्र जात नाही. बॉम्बहल्ल्याचा भोंगा वाजला की माणूस तळघरात जातो, भोंगा थांबला की बाहेर येतो. ड्रोनच्या बाबतीत भोंगा नाही आणि तो थांबणंही नाही. हल्ला आज होईल, पुढच्या महिन्यात होईल, कधीच होणार नाही. तिन्ही शक्यता रोज सारख्याच खऱ्या. भीतीला सुट्टी म्हणून नसते. वॉशिंग्टनला गेलेल्या त्या मुलाने आपल्या साक्षीत सांगितलं, की त्याला निळं आकाश आवडेनासं झालं आहे. आभाळ भरून आलेलं बरं वाटतं, कारण तेव्हा ड्रोन उडत नाहीत.

घरात बसून सुटका होते म्हणावं, तर तेही नाही. लंडनच्या त्या ब्यूरोने २०१४ मध्ये हल्ल्यांच्या जागांचा अभ्यास केला, तेव्हा पाकिस्तानातले ६० टक्क्यांहून अधिक हल्ले राहत्या घरांवर झालेले आढळले. इथलं घर म्हणजे उंच मातीच्या भिंतींचा वाडा. भावाभावांचे संसार एकाच आवारात, बाहेरच्या अंगाला पाहुण्यांसाठी ‘हुजरा’ नावाची बैठक. दारी आलेल्याला जेवू घालणं हा पश्तुनांचा धर्म. हातात बंदूक घेऊन आलेल्या तालिबान्याला तर नकार देण्याची सोयच नाही. तो जेवून गेला किंवा रात्री झोपला, की घर लक्ष्य ठरू शकतं. आतल्या बायका-मुलांना पाहुणा कोण हे विचारण्याचाही हक्क नाही. पडद्याच्या रीतीमुळे घराबाहेर पडता येत नाही आणि घरातच मरण येतं.

दत्ता खेलची बैठक

१७ मार्च २०११. उत्तर वझिरिस्तानातल्या दत्ता खेल इथे बस थांबण्याच्या मोकळ्या जागेवर जिरगा भरला होता. जिरगा म्हणजे जमातीच्या जाणत्या माणसांची न्यायनिवाड्याची बैठक. वाद होता क्रोमाइटच्या खाणीचा. दोन गटांत हक्कावरून तंटा लागला होता. सरकारकडून मानधन घेणारे मलिक आणि जमातीचे शिपाई, म्हणजे खासादार, हजर होते. बैठकीची आगाऊ खबर स्थानिक लष्करी ठाण्याला दिली होती. त्या भागात तालिबानची चलती असल्याने त्यांचेही काही जण बसले होते; त्यांना डावलून तिथे कुठलाच तंटा मिटत नसे. माणसं दोन गोल करून जमिनीवर बसली होती, बोलणं चालू होतं आणि क्षेपणास्त्रं आली. चाळीसच्या आसपास माणसं मेली. आदल्याच दिवशी, लाहोरमध्ये दोन पाकिस्तान्यांना गोळ्या घालणारा सीआयएचा कंत्राटी माणूस रेमंड डेव्हिस याची सुटका झाली होती.

पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल कयानी यांनी या हल्ल्याचा उघड निषेध केला. अमेरिकी अधिकारी मात्र नाव न सांगता, मेलेले अतिरेकीच होते असं सांगत राहिले. दत्ता खेलमध्ये मेले ते एकेका गटाचे कर्ते पुरुष. जमिनीच्या बांधाचे, पाण्याचे, लग्नाचे, खुनाच्या बदल्याचे तंटे ज्यांच्या शब्दावर मिटायचे, ती पिढी एका दिवसात गेली. त्यांच्या मानधनावर चालणाऱ्या कुटुंबांचं उत्पन्न गेलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जिरग्याला बसायची भीती लोकांच्या मनात बसली. जो समाज कोर्टाच्या जागी बैठकीवर चालतो त्याच्या बैठका बंद पडल्या, की मग बंदुकीलाच कौल मिळतो. तालिबानला मोडायला निघालेल्या धोरणाने तालिबानला विरोध करू शकणारी जुनी व्यवस्थाच आधी मोडली, हे या युद्धाचं मोठं अपयश आहे.

मयतीचंही तेच झालं. २३ जून २००९ रोजी दक्षिण वझिरिस्तानात सकाळच्या हल्ल्यात मेलेल्यांच्या अंत्यविधीला लोक जमले असताना दुसरा हल्ला झाला. साठच्या वर माणसं मेली. एका ठिकाणी मारा करून, मदतीला धावलेल्यांवर थोड्या वेळाने पुन्हा मारा करण्याचे प्रकार इतके झाले, की लोकांनी जखमींकडे लगेच जाणं सोडलं. एका मदतसंस्थेने तर हल्ल्यानंतर सहा तास आपल्या माणसांनी तिकडे फिरकायचं नाही असा नियमच केल्याचं वर सांगितलेल्या विद्यापीठांच्या अहवालात नोंदलं आहे. ढिगाऱ्याखालून हाक ऐकू येते आहे आणि शेजारी हात बांधून उभा आहे, कारण तो गेला तर तोही मरेल. शेजारधर्माला असा सुरुंग लागला, की नंतर तो सहजी जोडता येत नाही.

संशय, शाळा आणि पोलिओ

ड्रोनला लक्ष्य दाखवण्यासाठी घरात छोटी ‘चिप’ टाकणारे खबरे फिरतात, ही गोष्ट वझिरिस्तानात घरोघरी बोलली जायची. ती खरी किती, खोटी किती, हा वेगळा प्रश्न. तिने माणसं मारली हे खरं. हेर म्हणून संशय आलेल्यांना तालिबान पकडून नेत आणि प्रेतं रस्त्याकडेला टाकत. वैरी असलेला चुलतभाऊ, हेवा करणारा शेजारी, बाजारात अनोळखी दिसलेला फेरीवाला, कुणाकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं. वर ड्रोन, खाली तालिबान आणि रस्त्यावर लष्कराची नाकी. मधला माणूस गप्प राहायला शिकला.

मुलं शाळेतून काढली गेली. कुठे शाळेची इमारत लक्ष्य होईल ही भीती, कुठे मुलांचं चित्तच ठिकाणावर नाही, तर कुठे बाप मेला म्हणून पोरगा कामाला लागला. ही भीती निराधार नव्हती. ३० ऑक्टोबर २००६ रोजी बाजौर भागातल्या चेनागाई गावच्या मदरशावर हल्ला होऊन ऐंशीच्या आसपास जण मेले होते आणि त्यांत बरीच शाळकरी वयाची मुलं होती.

पोलिओची कथा याहून दूरवर गेली. ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी सीआयएने अबोटाबादमध्ये एका डॉक्टरकरवी लसीकरणाची खोटी मोहीम चालवली होती. २०११ मध्ये ते उघड झालं आणि लस टोचायला येणाऱ्या प्रत्येकाकडे हेर म्हणून पाहिलं जाऊ लागलं. जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानातला सरदार हाफिज गुल बहादूर याने फर्मान काढलं: ड्रोन थांबेपर्यंत पोलिओचा डोस बंद. मुलांच्या आरोग्याची त्याने सौदेबाजी केली, त्याला क्षमा नाही. पण त्याच्या हाती हे हत्यार सीआयएने दिलं, हेही विसरता येत नाही. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण नोंदले गेले, अनेक वर्षांतला उच्चांक. त्यांतले निम्म्याहून अधिक याच टोळीप्रदेशातले. त्याच वर्षी जूनमध्ये पाकिस्तानी लष्कराने ‘झर्ब-ए-अज्ब’ मोहीम उघडली आणि जवळपास दहा लाख माणसं घरदार सोडून बन्नू आणि आसपासच्या भागांत आली. डोस न मिळालेल्या पोरांपैकी ज्यांचे पाय लुळे पडले ते ड्रोनबळींच्या कुठल्याही यादीत नाहीत.

मोजायचं कुणी?

इथे मुंबईकर वाचक विचारील, की तिथे अतिरेकी नव्हते का? होते. २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली वझिरिस्तानात जाऊन अतिरेक्यांचा म्होरक्या इलियास काश्मिरी याला भेटला होता, हे त्याने स्वतः अमेरिकी न्यायालयात सांगितलं आहे. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या शाळेत पाकिस्तानी तालिबानने सुमारे दीडशे जीव घेतले, बहुतेक विद्यार्थ्यांचे. लढाऊ विमानांच्या बॉम्बपेक्षा किंवा रणगाड्यांपेक्षा ड्रोनने कमी निरपराध मरतात, असंही त्याचे समर्थक सांगतात आणि हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. पण कमी म्हणजे किती, हे सांगायला मोजावं लागतं. ज्याने मोजायचंच नाकारलं त्याला ‘कमी’ म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

जुलै २०१६ मध्ये ओबामा सरकारने पहिल्यांदा आकडा दिला. युद्धक्षेत्र म्हणून घोषित नसलेल्या देशांत २००९ ते २०१५ या काळात ४७३ हल्ले आणि ६४ ते ११६ नागरिकांचे मृत्यू. ना देशवार आकडे, ना तारखा, ना गावं, ना नावं. स्वतंत्र मोजणी करणाऱ्यांचे आकडे याच्या कित्येक पट होते. दरवर्षी असा आकडा देण्याचा नियम मार्च २०१९ मध्ये ट्रम्प यांनी रद्दही केला. मृतांची नावं शोधण्याचं काम पत्रकारांनी हाती घेतलं, तर हजारोंपैकी सातशेच्या आसपासच नावं हाती लागली. बायकांची तर त्याहून कमी, कारण परक्या पुरुषाला घरच्या बाईचं नाव सांगायची रीत नाही. मीरानशाहचे छायाचित्रकार नूर बेहराम यांच्यासारखे काही जण जीव धोक्यात घालून हल्ल्याच्या जागा गाठत आणि ढिगारे, क्षेपणास्त्रांचे तुकडे, मेलेली मुलं यांची छायाचित्रं काढत. त्यांनी ती काढली नसती तर कुणाकडेच काही पुरावा उरला नसता.

न्यायालयांत काय झालं? दत्ता खेलमध्ये वडील गमावलेल्या मुलाने पेशावर उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१३ मध्ये त्या न्यायालयाने हे हल्ले बेकायदा आणि युद्धगुन्हा ठरवले. निकाल स्पष्ट होता, पण तो अमलात आणण्याची इच्छा सरकारकडे नव्हती. ब्रिटिश गुप्तचर अमेरिकेला माहिती पुरवतात म्हणून त्याच मुलाने लंडनमध्येही अर्ज केला. त्या न्यायालयांनी दुसऱ्या देशाच्या कृत्यांवर निवाडा करायला नकार दिला.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहा. जानेवारी २०१५ मध्ये अफगाण-पाकिस्तान सीमेजवळच्या ड्रोनहल्ल्यात अल कायदाने ओलीस ठेवलेले दोन मदतकार्यकर्ते मेले. वॉरन वाइनस्टीन अमेरिकी, जोव्हान्नी लो पोर्तो इटालियन. २३ एप्रिल २०१५ रोजी ओबामा स्वतः कॅमेऱ्यासमोर आले, त्यांनी मृतांची नावं घेतली, जबाबदारी स्वीकारली आणि माफी मागितली. लो पोर्तो कुटुंबाला सुमारे १२ लाख युरो मिळाले. जे केलं ते योग्यच केलं. म्हणजे नावं जाहीर करता येतात, चूक कबूल करता येते, भरपाई देता येते. राष्ट्रीय सुरक्षेला त्याने धक्का लागत नाही. मग भेंडी तोडणाऱ्या सुईणीच्या मुलाला निदान एका पत्राचं उत्तर का मिळू नये? याचं एकच उत्तर आहे आणि ते लाजिरवाणं आहे: कुणाचा जीव मोजायचा हे पारपत्र पाहून ठरतं.

काबूल, खेरसन आणि पुन्हा वझिरिस्तान

२९ ऑगस्ट २०२१. अमेरिका अफगाणिस्तानातून बाहेर पडत असताना काबूलमधल्या एका घराच्या आवारात पांढऱ्या गाडीवर ड्रोनने मारा केला. स्फोटकं घेऊन निघालेला अतिरेकी मारला, असं जाहीर झालं. सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांनी हल्ला न्याय्य ठरवला. मेलेले दहा जण एकाच कुटुंबातले, त्यांत सात मुलं. गाडीचा मालक एका अमेरिकी मदतसंस्थेत काम करणारा. गाडीत होते पाण्याचे कॅन. काबूलमध्ये पत्रकार होते, कॅमेऱ्यांचं चित्रण मिळालं, नातेवाईक बोलू शकले, म्हणून १७ सप्टेंबरला पेंटॅगॉनला चूक मान्य करावी लागली. शिक्षा कुणालाही झाली नाही. वझिरिस्तानात बाहेरच्या पत्रकाराला पाऊल टाकायला परवानगी नव्हती. तिथे असे किती पांढऱ्या गाड्यांचे मालक आजही यादीत ‘अतिरेकी’ म्हणून असतील?

वझिरिस्तानातल्या हल्ल्यांच्या सुरुवातीला अशी यंत्रं मोजक्या देशांकडे होती. आता छोटे ड्रोन लाखभर रुपयांच्या आत मिळतात. युक्रेनमधलं खेरसन शहर नीपर नदीच्या उजव्या काठावर आहे. डाव्या काठावर रशियन सैन्य. २०२४ च्या मध्यापासून नदीपलीकडून छोटे ड्रोन येतात आणि माणसांचा पाठलाग करतात. सायकलवरून निघालेला म्हातारा, बसथांब्यावरची बाई, जखमीला नेणारी रुग्णवाहिका. चालवणाऱ्याला पडद्यावर समोरच्याचा चेहरा दिसतो, म्हणजे चुकून मारलं म्हणायची सोय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असल्याचा निष्कर्ष काढला. तोवर या पट्ट्यात जवळपास १५० नागरिक मेले होते आणि शेकडो जखमी झाले होते. हल्ल्यांची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली जाते. खेरसनकर याला ‘माणसांची शिकार’ म्हणतात. रस्त्यांवर जाळी ताणली आहेत, लोक खिशात ड्रोनचा इशारा देणारं यंत्र बाळगतात आणि ढगाळ हवेची वाट पाहून बाजारहाट उरकतात. वझिरिस्तानातल्या त्या मुलाचं म्हणणं दुसऱ्या खंडातल्या, दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या शत्रूने घेरलेल्या माणसांनी स्वतः अनुभवून खरं ठरवलं.

३ डिसेंबर २०२३ रोजी नायजेरियातल्या तुदुन बिरी गावात पैगंबर जयंतीला जमलेल्या गावकऱ्यांवर त्यांच्याच सैन्याच्या ड्रोनने मारा केला; ८५ हून अधिक मेले. सैन्याने चूक मान्य केली, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. आणि वझिरिस्तान? अमेरिकी हल्ले २०१८ नंतर थांबले, पण ड्रोन गेले नाहीत. आता ते पाकिस्तानी लष्कराकडे आहेत आणि अतिरेक्यांकडेही. १९ मे २०२५ रोजी मीर अलीजवळच्या हुर्मुझ गावात एका घरावर ड्रोनने मारा होऊन चार मुलं मेली. गावकऱ्यांनी मुलांची प्रेतं रस्त्यावर ठेवून धरणं धरलं. मागणी एवढीच होती: कुणी मारलं ते सांगा. लष्कराने हात झटकले आणि अतिरेक्यांकडे बोट दाखवलं. वीस वर्षांत मारणारे बदलले, प्रश्न तोच राहिला.

आपल्या अंगणात

हे सगळं परमुलखातलं म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतरच्या त्या चार रात्री भारत आणि पाकिस्तान यांच्यात ड्रोनची पहिली मोठी झटापट झाली. पंजाबातल्या फिरोजपूर जिल्ह्यात एका घरावर ड्रोन पडून आग लागली, एकाच कुटुंबातले तिघे भाजले आणि त्यातली महिला पुढे दगावली. प्रिडेटर आणि रीपर बनवणाऱ्या जनरल ॲटॉमिक्स कंपनीकडूनच ३१ एमक्यू-९बी ड्रोन घेण्याचा करार भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये केला. रक्कम सुमारे ३२ हजार कोटी रुपये. आणि आपल्या नागपुरात ‘नागास्त्र-१’ हे लक्ष्यावर जाऊन फुटणारं ड्रोन तयार होतं. त्याचे पहिले १२० नग जून २०२४ मध्ये सैन्याला मिळाले. लक्ष्य चुकीचं वाटलं तर ते माघारी बोलावून हवाई छत्रीने उतरवता येतं, असं त्याचं वैशिष्ट्य सांगतात. माघारी बोलावण्याची सोय यंत्रात असणं चांगलंच. ती वापरायची कधी, हे ठरवणारा नियम कायद्यात हवा.

देशाच्या रक्षणासाठी ड्रोन घेऊ नयेत, बनवू नयेत, असं मी म्हणत नाही. सीमेवरच्या जवानाचा जीव त्याने वाचतो आणि तोही कुणाचा तरी मुलगा आहे. पण जे हत्यार विदर्भातल्या कामगाराच्या हातून घडतं आणि आपल्या कराच्या पैशातून विकत घेतलं जातं, त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपलाच आहे. मागण्या साध्या आहेत. नागरी वस्तीवर किंवा वस्तीजवळ झालेल्या प्रत्येक ड्रोनहल्ल्याची चौकशी व्हावी आणि तिचा निष्कर्ष ठरावीक मुदतीत संसदेसमोर यावा. मेलेला माणूस लढणारा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मारणाऱ्यावर असावी. निरपराध मेला असेल तर त्याचं नाव जाहीर व्हावं, चूक कबूल व्हावी आणि कुटुंबाला भरपाई मिळावी, मग ते कुटुंब सीमेच्या कोणत्याही बाजूचं असो. हा कायदा पहिली चूक होण्याआधी करायचा असतो. चूक झाल्यावर सरकारं कायदे करत नाहीत, खुलासे करतात.

वाचकांना एकच विनंती. यापुढे ‘ड्रोनहल्ल्यात इतके अतिरेकी ठार’ अशी ओळ वाचाल तेव्हा तिथेच थांबू नका. हा आकडा कुणी दिला, त्या जागी कोण जाऊन आलं, मेलेल्यांची नावं कुठे आहेत, हे तीन प्रश्न विचारा. आपल्या संपादकाला विचारा, आपल्या खासदाराला विचारा. आपल्या बाजूने मारलेल्यांबद्दलही विचारा, किंबहुना तेव्हा अधिक आग्रहाने विचारा.